पूरकाळांतील बिनतारी संदेशाची गाडी

सन २००४ च्या डिसेंबरच्या २६ तारखेस समुद्राच्या प्रचंड लाटांनीं अंदमान-निकोबार बेटांवर अनर्थ केला व तेथील टेलिफोन बंद पडले. त्या वेळीं पोर्ट ब्लेअर येथें हौशी बिनतारी संदेशकांची एक तुकडी सुदैवानें आधींच आलेली होती. तिनें आपल्या यंत्रांवरून तेथील लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळविली. आपल्याकडेही पुरांत प्रथम वीज जाते; मागाहून मनोऱ्यांच्या बॅटऱ्या उतरल्या कीं मोबाईलही मुका होतो. म्हणून ज्या गांवीं जीप आहे व सरकारी परीक्षा उतरलेला परवानाधारक संदेशक आहे, तेथें गाडी कशी सज्ज करावी, हें आम्ही शेतकरी बंधूंपुढें थोडक्यांत मांडतों.

यंत्रें दोन असावींत. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचें यंत्र जवळच्या गांवांपुरतें; डोंगर आडवा आला कीं तें खुंटतें. दुसरें ७ मेगाहर्ट्झचें. त्याकरितां सुमारें २० मीटर लांबीची तार, मध्यें तोडून तेथें यंत्राची केबल जोडावी व ती विजेच्या तारांपासून दूर, पांच-सहा मीटर उंचीवर आडवी बांधावी. तिच्या लहरी वर जाऊन आकाशांतील विद्युत्भारित थरावरून खालीं परततात. त्यामुळें दिवसा डोंगराआडचें गांवही बहुधा ऐकूं येतें.

खरी मेख विजेची आहे. शंभर वॅटचें यंत्र बोलतांना सुमारें २० अँपियर ओढतें. गाडीच्याच बॅटरीवर विसंबल्यास ऐन वेळीं गाडी सुरू होणार नाहीं. यास्तव १०० अँपियर-तासांची दुसरी बॅटरी हवा खेळेल अशा जागीं घट्ट आवळून बसवावी. ती शिशाची असल्यास निम्मीच उतरूं द्यावी. फ्यूज बॅटरीच्या अगदीं लगत हवा. म्हणजे तार घासून उघडी पडल्यास फ्यूज जळेल, गाडी जळणार नाहीं.

यंत्राइतकेंच महत्त्व नोंदवहीस आहे. संदेश कोणाचा, कोणास, किती वाजतां, हें लिहून घ्यावें व मजकूर उलट वाचून दाखवावा. "औषध पाठवा" एवढ्यानें भागत नाहीं. कोणतें, किती व कोठें, हें त्यांत आलेंच पाहिजे.

तिफण आपण मृगापूर्वींच तपासतों. त्याच सुमारास ही गाडीही शिवाराबाहेर नेऊन, तार बांधून, शेजारच्या तालुक्याशीं एकदां बोलून पाहावी. पूर चढल्यावर शिकण्यास सवड मिळत नाहीं.