एका संगणकात किती पायथन?

गेल्या वर्षी पीएचडीच्या काळातला माझा एक प्रोग्रॅम पुन्हा बाहेर काढावा लागला. एका सहकाऱ्याला त्याच्या मोजमापांसाठी तसाच आलेख हवा होता. म्हटलं, आधी जुन्याच आकड्यांवर चालवून बघू. प्रोग्रॅम सुरळीत चालला, कुठे अडला नाही. फक्त उत्तरं वेगळी आली! प्रबंधात छापलेल्या बहुतेक सरासऱ्यांपेक्षा नव्या सरासऱ्या किंचित जास्त होत्या.

दिवसभर डोकं खाजवल्यावर कारण सापडलं. आकडे तेच, प्रोग्रॅम तोच, पण मधल्या काळात संगणकातली पायथन भाषा बदलली होती. पायथन 2 मध्ये 7 भागिले 2 केलं की उत्तर 3 यायचं, कारण दोन पूर्णांकांचा भागाकारही पूर्णांकच धरला जायचा. पायथन 3 मध्ये तेच उत्तर 3.5 येतं. म्हणजे चूक नव्या आलेखात नव्हती, प्रबंधातल्या आलेखात होती. निष्कर्ष बदलला नाही हे नशीब, पण मार्गदर्शकांना ईमेल लिहिताना घाम फुटला.

पायथन 3 डिसेंबर 2008 मध्ये आली. पायथन 2 ची अधिकृत देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली. मधली अकरा वर्षं दोघी एकत्र नांदत होत्या. आजही साधारण दर वर्षी नवी आवृत्ती येते आणि काही जुन्या सोयी जातात. उदाहरणार्थ, 3.12 मधून डिस्टयूटिल्स हे मॉड्यूल काढून टाकलं, आणि त्यावर विसंबलेली जुनी पॅकेजेस बसेनाशी झाली.

मग नवी टाकून जुनी काढून टाकावी का? तसं करू नका. लिनक्समध्ये ऑपरेटिंग सिस्टीमची स्वतःची काही कामं पायथनवर चालतात. ती आवृत्ती काढली किंवा बदलली, तर सिस्टीमच आजारी पडू शकते. त्यापेक्षा आपल्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवाव्यात.

हाक कोणाला ऐकू जाते?

टर्मिनलमध्ये आपण 'पायथन' असं लिहितो, तेव्हा संगणक 'पाथ' नावाची फोल्डरांची यादी क्रमाने बघतो आणि त्या नावाचं जे पहिलं सापडेल ते चालवतो. इमारतीत दोन कुलकर्णी राहत असतील, तर घाईतला पोस्टमन पहिल्याच कुलकर्ण्यांच्या दारात पत्र टाकून जातो, तसंच हे.

पायएन्व्ह हे साधन इथेच वॉचमनसारखं बसतं. ते स्वतःचा फोल्डर या यादीत सर्वांत पुढे ठेवतं. आपली हाक आधी त्याला ऐकू जाते. मग ते प्रकल्पाच्या फोल्डरमधली एक छोटी फाइल वाचतं आणि तिथे लिहिलेल्या आवृत्तीकडे काम पाठवतं. म्हणून एका फोल्डरमध्ये 3.8 आणि शेजारच्या फोल्डरमध्ये 3.12 सुखाने राहू शकतात. पायएन्व्ह लिनक्स आणि मॅकवर चालतं. विंडोजवर हेच काम 'पाय' नावाच्या लाँचरने होतं: 'पाय' लिहून पुढे हवी ती आवृत्ती सांगायची.

एवढ्याने अर्धंच काम होतं. भाषेची आवृत्ती ठरली, तरी नमपायसारख्या पॅकेजेसच्याही आवृत्त्या असतातच. त्यासाठी प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र खोली द्यायची. 3.3 पासून पायथनमध्येच असलेलं 'व्हीएन्व्ह' ते काम करतं. एका खोलीत बसवलेलं पॅकेज दुसऱ्या खोलीत लुडबुड करत नाही.

आता मी तीन गोष्टी न चुकता करतो. प्रकल्प सुरू करतानाच पायथनची आवृत्ती ठरवून फाइलमध्ये लिहितो. प्रत्येक प्रकल्पाला वेगळी खोली देतो. आणि निकाल पाठवताना पॅकेजेसची यादी त्यांच्या आवृत्त्यांसह सोबत जोडतो.

प्रयोगशाळेत रसायन वापरलं की बाटलीवरचा बॅच क्रमांक वहीत टिपायला आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवतात. पायथनचीही तीच गत आहे, हे कळायला मला प्रबंध छापून व्हावा लागला. तुमचा जुना प्रोग्रॅम कुठे पडून असेल, तर आज एकदा चालवून बघा.