पगारातले दोनशे रुपये आणि राज्याचा अर्थसंकल्प

आज येथे जमलेल्या श्रोत्यांपैकी पुष्कळजण नोकरदार आहेत. त्यांनी आपले पगारपत्रक नीट पाहिले, तर ‘व्यवसाय कर’ या नावाखाली दरमहा २०० रुपये वजा झालेले आढळतील. फेब्रुवारीत मात्र ३००. सर्वांत लहान महिन्यातच शंभर रुपये जास्त का, याचे आम्हांला बरीच वर्षे कोडे होते. उत्तर अगदी साधे निघाले. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. दोनशेचे अकरा हप्ते म्हणजे २,२००, आणि उरलेले तीनशे फेब्रुवारीत. ही मर्यादा १९८८ साली ठरली व आजही तीच आहे. पगार कुठल्याकुठे गेले, हा आकडा जागचा हलला नाही! असो. राज्याचा अर्थसंकल्प म्हटला की लक्षकोटींची भाषा सुरू होते आणि सामान्य माणसाची छाती दडपते. म्हणून आज आम्ही या दोनशे रुपयांच्याच मागोमाग जावयाचे ठरविले आहे.

हा कर कशासाठी बसला, हे आज फार थोड्यांना आठवते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राची खेडी रस्त्यावर आली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लक्ष माणसे सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. त्यापूर्वीच, १९६५ साली, वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे एक प्रयोग केला होता. जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते मिळालेच पाहिजे, ही त्यामागची कल्पना. दुष्काळाने ती कल्पना साऱ्या राज्याच्या गळी उतरविली. परंतु हमी द्यावयाची तर पैसा हवा, आणि तोही दरसाल हवा. तेव्हा १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटारवाहने, बागायती जमीन इत्यादींवरही जादा आकारणी झाली. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बिनकामाच्या हातांसाठी द्यावयाचा हा वाटा होता. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली विधिमंडळाने केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या करांतून जेवढे उत्पन्न येईल तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालावी, अशीही त्यात तरतूद होती.

आता आपले दोनशे रुपये निघाले. ते थेट मजुराच्या हाती जातात अशी कोणाची समजूत असेल, तर ती चुकीची आहे. घटनेच्या २६६ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याचा सारा महसूल प्रथम ‘एकत्रित निधी’त पडतो. दारूवरील उत्पादन शुल्क, घराच्या खरेदीखतावरील मुद्रांक शुल्क, वस्तू व सेवा करातला राज्याचा हिस्सा, केंद्राकडून वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार येणारी रक्कम, हे सर्व एकाच रांजणात ओतले जाते. तेथे आपल्या दोनशे रुपयांवर आपले नाव राहत नाही. रांजणातून एक पैसा काढावयाचा तरी विधिमंडळाची मान्यता लागते. मंत्री आपापल्या खात्याच्या मागण्या मांडतात, सभागृह मत देते, नंतर विनियोजन विधेयक संमत होते. व्याज, न्यायाधीशांचे पगार वगैरे ‘भारित’ खर्चावर मतदान होत नाही. ज्यांवर मत घ्यावयाचे त्या साऱ्या मागण्यांना तरी चर्चेचा वेळ मिळतो असे नाही. शेवटच्या दिवशी उरलेल्या मागण्या एका दमात मंजूर होतात. म्हणजे कायद्याने रोजगार हमीचा निधी वेगळा असला, तरी त्यात रांजणातला पैसा दरसाल मत घेऊनच घालावा लागतो.

मोठे आकडे येथेच आडवे येतात. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी व महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी धरला होता. तूट ४५,८९१ कोटींची. त्यानंतर पावसाळी अधिवेशनात ५७ हजार कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या आल्या. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना थांबवून चालत नाही. अशा वेळी ज्याच्यासाठी कोणी मंत्रालयावर मोर्चा आणीत नाही, ते कलम मागे राहते. वेगळ्या कामासाठी म्हणून घेतलेला पैसा रांजणात पडून असला, की अर्थमंत्र्याला तो उसना घेतल्यासारखा वाटतो. नैतिक अडचण फारशी वाटत नाही.

हे नुसते तर्काने आम्ही सांगत नाही. १९९० नंतरच्या अनेक वर्षी या करांचे उत्पन्न योजनेच्या खर्चाहून अधिक राहिले. कामावर येणारे मजूर कमी झाले, हे त्याचे एक कारण. परंतु मजूर का कमी झाले? काम मागणाऱ्याला काम वेळेवर मिळाले नाही आणि मजुरी महिनोन्‌महिने थकली, तर माणूस पुन्हा मागावयास येत नाही, आणि कागदावर मात्र ‘मागणी नाही’ असे दिसते.

येथे गोखल्यांची आठवण होते. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास सरकारने शिलकीचा अर्थसंकल्प मोठ्या अभिमानाने मांडला असता, त्यांनी उलट विचारले की लोक दुष्काळाने गांजलेले असताना ही शिल्लक आली कोठून? गरजेपेक्षा जास्त कर घेतला म्हणून ती आली, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. ते सरकार परके होते. आजचे आपण निवडलेले आहे. तरीही शिल्लक दिसली की ती कोणाच्या पोटातून राहिली, हे विचारण्याची ती रीत आम्हांला आजही उपयोगी वाटते.

२००५ साली संसदेने देशभर ग्रामीण रोजगाराचा कायदा केला. त्याखाली अकुशल मजुरीचा शंभर दिवसांचा खर्च केंद्राने उचलला, आणि त्यापुढील दिवसांचा भार महाराष्ट्राने आपल्याकडे ठेवला. राज्याच्या खांद्यावरचे ओझे त्यामुळे हलके झाले, व्यवसाय कर मात्र तसाच राहिला.

अर्थसंकल्पाची पुस्तके आता घरबसल्या पाहता येतात. ज्याला आपल्या दोनशे रुपयांचा माग काढावयाचा असेल, त्याने जमेच्या बाजूस ००२८ या लेखाशीर्षाखाली व्यवसाय कर पाहावा आणि खर्चाच्या बाजूस २५०५, म्हणजे ग्रामीण रोजगार. प्रत्येक ठिकाणी मागील प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. बहुतेक लोक व वर्तमानपत्रे शेवटचा रकाना वाचतात. आम्ही पहिल्यापासून सुरुवात करतो, कारण त्या एका रकान्यातच खर्च झालेला पैसा असतो.