सीटबेल्ट लावा... सोडा!

सकाळचे सव्वानऊ. सिग्नलला रिक्षा अडकलीय, मीटर पळतोय आणि बॉसचा दुसरा मिस्ड कॉल येऊन गेलाय. तीन किलोमीटरला चाळीस मिनिटं! आता हेच अंतर विमानानं कापायचं म्हटलं तर? हसू नका. स्कॉटलंडच्या उत्तरेला लोक ते खरोखर करतात.

ऑर्कनी नावाचा बेटांचा एक पुंजका आहे. त्यातली वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन चिमुकली बेटं. दोघांच्या धावपट्ट्यांमधलं अंतर फक्त २.७ किलोमीटर. एडिंबरा एअरपोर्टचा मुख्य रनवेही साधारण तेवढाच लांब! १९६७ पासून लोगनएअरचं विमान इथं ये-जा करतंय. टाइमटेबलमध्ये वेळ दोन मिनिटं. वारा पाठीशी असेल तर मिनिटभरातही काम होतं. स्टुअर्ट लिंकलेटर या पायलटनं तर ५३ सेकंदांत विमान उतरवून दाखवलं. नियमित वाहतुकीतली जगातली सगळ्यात छोटी फ्लाइट म्हणून गिनेस बुकात या रूटची नोंद आहे.

विमानही तसंच आटोपशीर. ब्रिटन-नॉर्मन आयलँडर, दोन पंखे, आठ पॅसेंजर. एअर होस्टेस नाही, चहा-कॉफी नाही. नशीब असेल तर थेट पायलटच्या शेजारची सीट! खाली समुद्राची एक पट्टी दिसते न दिसते, तोच चाकं जमिनीला टेकतात.

मग एवढ्याशा अंतराला विमान कशाला, असं वाटेल. खरी गंमत इथंच आहे. ही फ्लाइट म्हणजे आपल्या एसटीचा फाट्यावरचा स्टॉप. विमान निघतं ऑर्कनीच्या मुख्य गावातून, कर्कवॉलहून. मोठं हॉस्पिटल तिथं, बाजार तिथं. वाटेत एका बेटावर थांबायचं, मग दुसऱ्यावर, आणि परत. दोन मिनिटांचा टप्पा जगभर गाजला, पण बेटावरच्यांना मोलाचा आहे तो कर्कवॉलचा टप्पा. बोटीनं तिथं जायचं तर निम्मा दिवस मोडतो.

पापा वेस्ट्रेची वस्ती शंभरसुद्धा नाही. डॉक्टर, शिक्षक, पेशंट, विद्यार्थी, सगळ्यांची भिस्त या विमानावर. नुसत्या तिकिटांवर हा धंदा परवडणारा नाही, म्हणून तिथली कौन्सिल पैसे घालते. कारण सरळ आहे. वेळेवर डॉक्टर मिळणार नसेल, तर तरुण जोडपी बेटावर राहतील कशाला? आणि ती गेली की शाळा बंद, मग दुकान बंद, आणि मग बेटच रिकामं.

या बेटावर नॅप ऑफ होवर नावाचं दगडी घर उभं आहे, पाच हजार वर्षांहून जुनं. म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडच्याही आधीचं! इतकी जुनी वस्ती आज टिकून आहे, त्यात या दोन मिनिटांचाही वाटा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी सिग्नलला अडकलात की नकाशातले किलोमीटर मोजू नका. अंतर किलोमीटरवर ठरत नाही, मध्ये काय आडवं येतं त्यावर ठरतं. त्यांच्या मध्ये समुद्र आहे. आपल्या मध्ये... जाऊ द्या, सिग्नल सुटला!

जायचंय?
• ब्रिटनचा व्हिसा हवाच.
• एडिंबरा, ग्लासगो, ॲबर्डीन किंवा इन्व्हर्नेसहून कर्कवॉलला विमान मिळतं.
• सीट्स मोजक्याच, बुकिंग लवकर करा.
• धुकं आलं की फ्लाइट रद्द. हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा.