पहिलं महागडं घड्याळ घेताय? लातूरहून निघण्याआधी या गोष्टी समजून घ्या

लातूरच्या गंजगोलाईत सोनं घ्यायला गेलेल्या माणसाला काय विचारायचं हे माहीत असतं. हॉलमार्क आहे का, घडणावळ किती, मोडीला किती कापणार? घरातल्या मोठ्यांनी हे प्रश्न पाठ करून दिलेले असतात. पण दीड-दोन लाखांचं घड्याळ घ्यायचं म्हटलं, की त्याच घरात कुणालाच काही सांगता येत नाही. मग मुलगा इन्स्टाग्राम उघडतो आणि पहिल्याच रीलमध्ये त्याला 'ओरिजिनल, बिल नाही, निम्मी किंमत' असं दिसतं.

गडबड इथूनच सुरू होते.

मोबाइलमध्ये वेळ दिसते, मग एवढे पैसे कशाचे?

वेळ पाहणं हेच काम असेल, तर हजार-दोन हजारांचं क्वार्ट्झ घड्याळ जास्त चोख आहे. त्यात बॅटरीवर चालणारा एक स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि महिन्याला साधारण 15 सेकंदांचाच फरक पडतो. याउलट लाखाचं ऑटोमॅटिक घड्याळ दिवसालाच काही सेकंद मागे-पुढे होतं. स्वित्झर्लंडच्या 'सीओएससी' या संस्थेचं प्रमाणपत्र मिळवायला यंत्राचा सरासरी फरक दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंदांच्या आत असावा लागतो.

म्हणजे इथे पैसे अचूकतेसाठी जात नाहीत. बॅटरीशिवाय, मनगटाच्या हालचालीवर चालणारं बारीक यंत्र, त्यावरचं हातकाम, धातूची घडण आणि ब्रँडचं नाव, याची ती किंमत असते. हे पटत असेल तर पुढे जावं. पटत नसेल तर पैसे वाचले.

'स्विस मेड' या दोन शब्दांनाही कायद्याचा अर्थ आहे. 1 जानेवारी 2017 पासून घड्याळाच्या उत्पादन खर्चाचा किमान 60 टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो. उरलेला भाग बाहेरचा असू शकतो.

बजेट कसं ठरवायचं?

ढोबळमानाने पाहिलं, तर टिसो आणि सेको यांची चांगली ऑटोमॅटिक घड्याळं लाखाच्या आत मिळतात. लाँजिनसाठी लाखाच्या वर जावं लागतं. ओमेगा आणि रोलेक्स हे काही लाखांचं काम आहे.

पण खर्च बिलावर संपत नाही. यांत्रिक घड्याळाची दर काही वर्षांनी पूर्ण सर्व्हिसिंग करावी लागते. यंत्र उघडून, साफ करून, नव्याने तेल दिलं जातं आणि त्याला हजारोंचा खर्च येतो. घेण्याआधीच दुकानात विचारा, 'या मॉडेलच्या सर्व्हिसला किती लागतात आणि घड्याळ कुठे पाठवता?'

हप्त्यांचंही गणित मांडा. 1 लाख 50 हजारांचं घड्याळ 15 टक्के व्याजाने 18 महिन्यांच्या हप्त्यावर घेतलं, तर महिन्याला सुमारे 9,360 रुपये जातात आणि एकूण व्याज 18 हजारांच्या वर होतं. प्रोसेसिंग फी वेगळी.

आणि 'घड्याळ म्हणजे गुंतवणूक' हे विसरा. मोजक्या मॉडेल्सचे भाव चढतात, पण 2022 च्या सुरुवातीला शिखर गाठल्यावर जुन्या बाजारात तेही घसरले. बाकीची घड्याळं दुकानाबाहेर पडताच स्वस्त होतात. सोन्यासारखी मोड इथे मिळत नाही.

'फर्स्ट कॉपी' म्हणजे काय?

बनावट. त्याला दुसरं नाव नाही. असा माल विकणं हा ट्रेड मार्क्स कायदा, 1999 नुसार गुन्हा आहे. त्याला 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

'ग्रे मार्केट'चा माल वेगळा. तिथलं घड्याळ अस्सल असू शकतं, पण ते कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून आलेलं नसतं. त्यामुळे कंपनीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. ओमेगा आणि रोलेक्स 5 वर्षांची वॉरंटी देतात. सवलतीच्या मोहात ती गमावणं परवडेल का, हा हिशोब आधी करावा.

जुन्या घड्याळांचा सापळा तर आपल्याच मुंबईच्या नावाने ओळखला जातो. फाव्र ल्यूबा ही 1737 ची स्विस कंपनी एकोणिसाव्या शतकातच मुंबईच्या बाजारात आली होती. तिची 'सी किंग', 'सी चीफ' ही घड्याळं आजही अनेक घरांच्या कपाटात सापडतात. त्या काळची जुनी घड्याळं उघडून, तबकडी नव्याने रंगवून, दोन-तीन घड्याळांचे भाग एकत्र जोडून विकली जातात. जगभरातले शौकीन अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. सत्तर वर्षांचं घड्याळ आणि तबकडी मात्र भडक रंगाची, नवीकोरी दिसत असेल तर हात आखडता घ्या.

सिरियल नंबर जुळला म्हणजे घड्याळ खरं, असंही नाही. बनावट घड्याळावर खऱ्याचाच नंबर कोरता येतो. सेकंडहँड घ्यायचं असेल, तर पैसे देण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मागचं झाकण उघडून तपासून घ्या. विकणारा त्याला तयार नसेल, तर तिथेच थांबावं.

दुकानात काय पाहायचं?

महागड्या ब्रँड्सच्या दालनांसाठी लातूरकरांना सहसा पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. म्हणून जाण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी पाहा आणि फोन करून मॉडेल दुकानात आहे का ते विचारा.

दुकानात घड्याळ मनगटावर घालूनच पाहा. फोटोत 42 मिलिमीटरची तबकडी छान दिसते, पण बारीक मनगटावर तिची वरची-खालची टोकं बाहेर येतात. मराठवाड्याचा उन्हाळाही लक्षात घ्या. चाळिशी पार तापमानात घामाने चामड्याचा पट्टा लवकर खराब होतो. रोज वापरायचं असेल, तर स्टीलचा किंवा रबरी पट्टा बरा.

'30 मीटर वॉटर रेझिस्टंट' लिहिलंय म्हणून पोहायला जाऊ नका. ते हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतंच असतं. पोहायचं असेल तर किमान 100 मीटरचं घ्या.

पैसे कसे द्यायचे?

एकाच व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम दुकानदाराला घेता येत नाही. घेतली तर त्याला तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणून 'रोखीत द्या, बिल नको' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

घड्याळ 10 लाखांच्या वरचं असेल, तर 22 एप्रिल 2025 पासून दुकानदार 1 टक्का टीसीएस घेतो. 12 लाखांच्या घड्याळावर 12 हजार. हा जादा कर नाही. रिटर्न भरताना तो तुमच्या करात वळता होतो, फक्त पॅन बरोबर नोंदवलेला हवा.

भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा गटातला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला आहे. त्यानुसार स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. पण त्यामुळे एका रात्रीत किमती कोसळणार नाहीत.

फसवणूक झालीच तर?

इथे बिल कामाला येतं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथेच तक्रार करू शकतो. म्हणजे घड्याळ पुण्यात घेतलं तरी तक्रार लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. 50 लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं जिल्हा आयोग ऐकतो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करता येतो.

म्हणून दुकानातून निघताना तीन गोष्टी पिशवीत आहेत का ते पाहा: सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल, तारीख आणि विक्रेत्याचं नाव असलेलं वॉरंटी कार्ड आणि मूळ खोका. तिन्हींचे फोटो तिथेच काढून घरच्या एखाद्याला पाठवून ठेवा. पुढे कधी घड्याळ विकायची वेळ आली, तरी घेणारा आधी हेच मागेल.