पर्वती

पुणे शहराच्या दक्षिणेकडील ऐतिहासिक टेकडी व तीवरील पेशवेकालीन मंदिरसमूह. टेकडी दख्खनच्या काळ्या पाषाणाची असून तिचा माथा समुद्रसपाटीपासून सु. ६४० मी. उंचीवर आहे. माथ्यावर जाण्यासाठी रुंद दगडी पायऱ्यांची वाट असून तिच्यावरील पायऱ्यांची संख्या १०३ सांगितली जाते. दक्षिणेस ही टेकडी तळजईच्या पठाराला व पाचगाव-पर्वती वनक्षेत्राला जोडलेली आहे.

बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे (कार. १७४०–६१) यांनी येथे देवदेवेश्वराचे मंदिर बांधविले, त्यातील देवप्रतिष्ठा १७४९ मध्ये झाली. मातोश्री काशीबाई यांच्या पायाच्या व्याधीनिमित्त केलेल्या नवसातून हे मंदिर उभे राहिले, अशी परंपरा आहे. मुख्य मंदिर शिवपंचायतन पद्धतीचे असून मध्यभागी शिव आणि चार कोपऱ्यांत सूर्य, गणेश, देवी व विष्णू यांची लहान देवळे आहेत. कार्तिकेय, विष्णू इ. देवतांची मंदिरेही माथ्यावर आहेत. पायथ्याशी नानासाहेबांनी तळे करविले. त्यातील बेटावर सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत, १७८४ मध्ये गणपतीची स्थापना झाली. कालांतराने तळे कोरडे करण्यात आले व तेथे सारसबाग हे सार्वजनिक उद्यान तयार झाले. श्रावणमासात ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा पेशव्यांचा रमणाही पर्वतीच्या पायथ्याशी भरे.

मराठी सत्तेच्या इतिहासातील दोन दुःखद प्रसंग या टेकडीशी निगडित आहेत. पानिपतच्या पराभवाने खचलेल्या नानासाहेबांचे २३ जून १७६१ रोजी येथेच निधन झाले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झालेली खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने पर्वतीवरून पाहिली. तीनंतर लवकरच पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. नानासाहेबांचे स्मारक व पेशवेकालीन वस्तूंचे संग्रहालय टेकडीवर आहे.

पेशवाई संपल्यानंतरही मंदिराचे दार सर्वांना खुले नव्हते. अस्पृश्य मानलेल्या समाजांना तेथे प्रवेश नाकारला जाई. महाडच्या सत्याग्रहानंतर (१९२७) पुण्यातही या प्रश्नाला चालना मिळाली व ऑक्टोबर १९२९ मध्ये पर्वती सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, न. वि. गाडगीळ, एस. एम. जोशी प्रभृतींनी त्यात भाग घेतला. सत्याग्रहींना दगडफेकीस व मारहाणीस तोंड द्यावे लागले. मंदिर त्या वेळी खुले झाले नाही. तथापि मार्च १९३० मध्ये सुरू झालेल्या नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहापूर्वीचा एक महत्त्वाचा लढा म्हणून त्याची नोंद घ्यावी लागते. मुंबई राज्याने १९४७ मध्ये मंदिरप्रवेशाचा कायदा केला व १९५० मध्ये अंमलात आलेल्या भारतीय संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. आज पहाटे पायऱ्या चढणाऱ्या सर्व थरांतील नागरिकांची जी वर्दळ येथे दिसते, तिच्यामागे हा इतिहास आहे.

पर्वती-तळजई परिसरातील वनश्री शुष्क पानझडी प्रकारची आहे. शीत कटिबंधात दिवस लहान होऊन थंडी वाढू लागली, की पानांतील हरितद्रव्य नाहीसे होते आणि पिवळे व तांबडे रंग प्रकट होतात. त्यामुळे जपानमधील क्योटोसारख्या मंदिरनगरीत लोक हेमंताच्या सुमारास मॅपल वृक्षांचे रंग पाहण्यास जातात. पुण्यात पानगळीचे मुख्य कारण थंडी नसून पाण्याची टंचाई हे आहे. पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात पडतो. पुढे मुरमाड उतारावरील ओलावा आटतो आणि बाष्पोच्छ्‌वास कमी करण्यासाठी वृक्ष हिवाळ्याच्या अखेरीपासून पाने टाकतात. येथील रंग पानांपेक्षा फुलांचा असतो : पळस, पांगारा व काटेसावर हे वृक्ष निष्पर्ण फांद्यांवरच फुलतात. पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावलेला गिरिपुष्प हा मूळचा मध्य अमेरिकेतील वृक्षही याच सुमारास गुलाबी फुलांनी बहरतो. त्याने उघडे उतार लवकर हिरवे झाले. परंतु त्याच्या दाट वाढीखाली स्थानिक वनस्पतींना वाव मिळत नाही, असे अनेक वनस्पतिअभ्यासकांचे मत आहे.

वाढत्या शहराने टेकडीला वेढले असून उताराच्या काही भागांवर दाट वस्ती आहे. उन्हाळ्यात वाळलेले गवत व पालापाचोळा पेटून नवी रोपे नष्ट होण्याचा धोका असतो. वृक्षारोपणाइतकेच स्थानिक जातींचे रक्षण व वणव्यांस प्रतिबंध हे पर्वतीच्या जतनाच्या दृष्टीने आवश्यक आहे. कारण मंदिरसमूह, त्याभोवतीचा इतिहास आणि टेकडीची वनश्री यांचे रक्षण एकमेकांपासून वेगळे करता येत नाही.