डेटा गेला, आता?

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मला एक मेल आला. ज्या शॉपिंग ॲपवरून मी वर्षभर टी-शर्टपासून घरच्या किराण्यापर्यंत कायकाय मागवत होते, त्या कंपनीचा. भाषा एकदम गुळगुळीत. 'तुमची प्रायव्हसी आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची' अशी सुरुवात आणि चौथ्या परिच्छेदात हळूच सांगितलेलं, की 'काही ग्राहकांची काही माहिती' बाहेरच्यांच्या हाती लागली असावी. मी वाचला, 'बरं' म्हटलं आणि झोपले. तुम्हीही तेच केलं असतं, खोटं बोलू नका.

बारा दिवसांनी साताऱ्याला बाबांना फोन आला. "काका, तुमच्या मुलीने मागवलेलं मिक्सरचं भांडं आहे ना, त्याचे जास्तीचे पैसे परत पाठवायचेत." माझं नाव बरोबर, घराचा पत्ता बरोबर, भांड्याची किंमतसुद्धा बरोबर. बाबा एरवी अनोळखी नंबर उचलतही नाहीत. पण इतकं सगळं अचूक सांगणारा माणूस खोटा कसा वाटणार? ओटीपीच्या सहापैकी चार आकडे सांगून झाले होते, तेवढ्यात आईने फोन हातातून ओढून घेतला.

त्या रात्री मला कळलं, की 'फक्त नाव आणि पत्ताच तर गेलाय' हे वाक्य किती फसवं आहे. २०२१ मध्ये डॉमिनोज इंडियाच्या सुमारे १८ कोटी ऑर्डर्सचा डेटा बाहेर आला, तेव्हा कंपनीने सांगितलं होतं की आर्थिक माहिती सुरक्षित आहे. पण मे महिन्यात डार्क वेबवर चक्क एक सर्च इंजिनच तयार झालं. मोबाइल नंबर टाका आणि त्या माणसाने कधी, कुठल्या पत्त्यावर पिझ्झा मागवला ते बघा. लोकांनी मीम्स केले. पण एखाद्या मुलीचा पिच्छा पुरवणाऱ्याला यापेक्षा जास्त काय लागतं?

त्यामुळे असा मेल आला की सगळ्यात आधी घरच्यांना सांगा. पासवर्ड नंतर बदला, आधी आईबाबांना फोन करा. 'माझ्या नावाने, माझ्या ऑर्डरचं नाव घेऊन कुणी फोन केला तरी काही सांगू नका,' एवढं एक वाक्य. ही पायरी मला कुठल्याच कंपनीच्या मेलमध्ये दिसली नाही.

मग काय गेलंय ते नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पासवर्ड गेला असेल तर तो त्या ॲपवर आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरलाय तिथे सगळीकडे बदलायचा (आपण सगळे तोच वापरतो, माहितीये). ट्रॉय हंट यांच्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर आपला मेल आयडी कुठल्या कुठल्या लीकमध्ये सापडलाय ते फुकट कळतं. माझा तीन ठिकाणी निघाला. कार्डचे तपशील गेले असतील तर विचार करत बसू नका, बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक करून नवीन मागवा.

आधार किंवा पॅनची कॉपी गेली असेल तर प्रकरण जरा लांबतं. तुमच्या नावावर कुणीतरी कर्ज काढायचं आणि तुम्हाला ते दोन वर्षांनी, बाइकच्या लोनसाठी गेल्यावर कळायचं, असं होऊ शकतं. 'माय आधार' पोर्टलवर बायोमेट्रिक लॉक करता येतं. 'संचार साथी'वर आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत ते दिसतं. सिबिलसकट चारही क्रेडिट ब्युरोंनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. एकदम चारही मागवण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी एकेकाकडून मागवा, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं.

आणि पैसेच गेले तर? लगेच १९३० ला फोन, मग बँक. इथे दिवस मोजले जातात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसरीकडूनच गडबड झाली असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. मात्र ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाज वाटून गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं.

आता कायदा. इथे माझी खरी चिडचिड झाली. एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांचा डेटा गेल्याचं कंपनीला फेब्रुवारी २०२१ मध्ये कळलं होतं, पण ते जाहीर झालं मे महिन्यात. एप्रिल २०२२ मध्ये निघालेल्या निर्देशांनुसार कंपन्यांना असा प्रकार सहा तासांत 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेला कळवावा लागतो. सरकारला, हं. तुम्हाआम्हाला नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ते आलं. काय गेलं, त्याचे परिणाम काय, तुम्ही काय काळजी घ्यायची आणि कुणाशी बोलायचं, हे कंपनीने प्रत्येक ग्राहकाला विनाविलंब सांगायचं. सुरक्षेत हलगर्जी केली तर दंड २५० कोटींपर्यंत. भारी ना? पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि ही बंधनं लागू व्हायला पुढे १८ महिन्यांची मुदत. शिवाय हा दंड जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याचा डेटा गेला त्याला त्यातला एक रुपया नाही.

भरपाईची वाट होती ती जुन्या आयटी कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये. पासवर्ड, बँकेचे तपशील, आजारपणाची माहिती अशा संवेदनशील डेटाबाबत कंपनीने निष्काळजीपणा केला आणि तुमचं नुकसान झालं, तर राज्याच्या आयटी सचिवांकडे दाद मागता येते. याच आयटी कायद्याखाली २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या आयटी सचिवांनी पंजाब नॅशनल बँकेला पुण्यातल्या एका कंपनीच्या संचालकांना ४५ लाख रुपये द्यायला सांगितलं होतं. आणि गंमत म्हणजे, ते स्वतः फिशिंग मेलला फसले होते! पण नवा कायदा पूर्ण लागू झाला की ४३-अ रद्द होणार.

मग उरतो ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला उघड करणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लागतोच असंही नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

या सगळ्यासाठी लागतो पुरावा, आणि आपण नेमका तोच डिलीट करतो. कंपनीचा मेल, फोन आल्याची तारीख-वेळ, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट, बँकेचे मेसेज, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी विचारा, की माझं नेमकं काय काय गेलं? चॅटबॉटला नको, मेलवर.

मी विचारलंय. एकवीस दिवस झाले. 'तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं ऑटोमॅटिक उत्तर आलंय. त्याचाही स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.