मोठ्या बाईंचा दिवस

सकाळी 9:45. शिपाई नाही, जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांना तो नसतोच. कुलूप मीच उघडते. पूर्वी आम्ही चौघी एकाच एसटीने यायचो, सासवांपासून बदल्यांपर्यंत सगळं बोलत. मुख्याध्यापक म्हणून पदोन्नती झाली आणि मी चढले की विषय बदलू लागला. आता मी स्कूटीने येते, तीही लवकर. कुणी वाईट वागत नाही. पण मस्टरवर लाल शेरा मारणाऱ्या बाईशेजारी बसून उशिरा यायच्या युक्त्या कोण सांगेल? शाळेचे व्हॉट्सॲप ग्रुप दोन आहेत. एकात मी आहे.

10:30. परिपाठ. मुलांना मोठ्या बाई आल्या-गेल्याचं काही नसतं, ती पायावर पाय देत रांगेत ढकलाढकली करतात. दिवसातला सगळ्यात मोकळा भाग हाच.

11:15. शालार्थ या पगाराच्या पोर्टलवर पगारबिल, मग केंद्रप्रमुखांचा फोन. माहिती तातडीने हवी, आणि तीच गेल्या आठवड्यात पाठवलेली असते. सध्या 30 सप्टेंबरचा पट जुळवणं चालू आहे. संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, याच आकड्यावर होते. पट घसरतोय, एक पद जाईल असं दिसतंय आणि कोण अतिरिक्त ठरेल याचा अंदाज ज्येष्ठता यादी बघून मला आलाय. तो माणूस आत्ताच रजेचा अर्ज घेऊन आला, घराच्या कर्जाबद्दल बोलला. यादी वरून येईपर्यंत मी तोंड उघडणं बरोबर नाही. सही केली, पाणी दिलं. या खुर्चीचं एकटेपण असं असतं. माणसं दिवसभर भेटतात. पण ज्याच्याशी बोलावं, गोष्ट नेमकी त्याच माणसाबद्दलची असते.

12:30. खिचडीची चव. मुलांना वाढण्याआधी चाखून चव नोंदवहीत सही करायची. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. स्वयंपाक करणाऱ्या ताई झाकण काढून म्हणतात, "बाई, डाळ कच्ची राहिलीये, तुम्ही उगाच बरी म्हणू नका." त्यांचा गोपनीय अहवाल मी लिहीत नाही, त्यामुळे असेल, पण इतकं सरळ माझ्याशी शाळेत दुसरं कुणी बोलत नाही. दहा मिनिटं गॅस वाढवला. वाटीभर खिचडी तिथेच, ओट्याला टेकून खाल्ली.

1:15. डबा ऑफिसात. सगळे सहावीच्या वर्गात बसतात. मी गेले तर जागा देतात, पण गप्पा पावसापाण्यावर येतात. माझ्याविषयी कुरकुरायला त्यांना ही अर्धी सुट्टी हवीच. मलाही जुन्या मुख्याध्यापकांविषयी कुरकुरायला हवी असायची.

2:00. सातवीचं गणित. हा तास मी सोडलेला नाही. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत 150 च्या वर किंवा सहावी ते आठवीत 100 च्या वर मुलं असतील तरच माझ्यासारखा स्वतंत्र मुख्याध्यापक. लहान शाळेत ज्येष्ठ शिक्षक वर्ग सांभाळून प्रभारी असतो. त्याचे हाल मोठे, पण वर्ग तरी हातात राहतो. आज ऋण संख्यांच्या वजाबाकीवर दोघी माझ्याशी भांडल्या, आणि त्यातली एक बरोबर होती.

3:30. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आले. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे तक्रारी गावच्या भाषेत येतात. एका शिक्षकाविरुद्धची ऐकून घेतली. उद्या त्या शिक्षकांना बोलवायचं आणि दोन्ही बाजू ऐकल्याचं टिपण ठेवायचं.

5:15. शाळा सुटली. शेजारच्या गावच्या मुख्याध्यापकांना फोन. "सर, तुमचा पट किती भरला?" इथून सुरुवात, मग अतिरिक्त शिक्षकाची गोष्ट नाव न घेता. ते म्हणाले, "बाई, माझ्याकडेही तेच आहे, झोप नाही." आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत विषय कोणताही असो, आम्ही दोघं चहाच्या वेळी कोपरा धरतो.

नव्याने पदोन्नती झालेल्यांना सांगणं आहे: जुन्या मैत्रिणींकडून पूर्वीसारखं वागण्याची अपेक्षा करू नका, त्यांचीही अडचण होते. केंद्रातला एक मुख्याध्यापक जोडून ठेवा, आणि कुणी कितीही सांगितलं तरी आपला एक तास दुसऱ्याच्या वेळापत्रकात टाकू नका.